मरियेच्या गाण्याचा गाळलेला भाग

धुलाईघराच्या भट्टीखान्यात घड्याळ टिकत नसे. मालकानं एकामागून एक लावून पाहिली. वाफेनं आधी काच धुरकटायची, मग काटे अडायचे, आणि एक दिवस घड्याळ जे थांबायचं ते नेमकं जेवणाच्या सुट्टीच्या आसपास. बायका म्हणायच्या, "बघा, यालासुद्धा भूक लागते, फक्त मालकालाच आपली कळत नाही." शेवटी मालकानं नाद सोडला आणि भिंतीवर नुसता खिळा राहिला.

म्हणून तिथं वेळ मोजली जायची गाण्यावर. इस्पितळाच्या चादरी सोड्याच्या पाण्यात घातल्या, पाणी खळखळायला लागलं, की घड्याळमावशी मरियेचं गाणं धरायची. बाकीच्या बायका लांब दांड्यांनी भट्टी ढवळत ढवळत मागून म्हणायच्या. संथ चाल, प्रत्येक ओळ दोनदा. गाणं संपलं की भट्टीची खालची तोटी उघडायची, त्याआधी नाही. ही पद्धत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मावशीच्या आईच्या वेळीही ती होती आणि आईला ती तिच्याआधीच्या बायकांनी शिकवली होती. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण गाणं पुरं झालं म्हणजे चादर पुरी उकळलेली असायची, एवढं नक्की.

गाणं शुभवर्तमानातलं. मरिया अजून कुमारिका, पोटात बाळ, जवळ काही म्हणता काही नाही. डोंगराकडच्या एका नात्यातल्या म्हातारीकडे ती चालत जाते. त्या म्हातारीलाही उतारवयात दिवस गेलेले. दारातच म्हातारी तिला धन्य म्हणते, आणि ही पोर देवाची थोरवी गायला लागते. देवानं माझ्यासारख्या गरीब दासीकडे पाहिलं, आता पिढ्यान्‌पिढ्या मला धन्य म्हणतील, त्याची दया कधी आटत नाही. हा झाला पहिला भाग. तो लोण्यासारखा आहे, कुणाच्याही घशाखाली उतरतो. मग ती पोर एकदम दुसरंच बोलायला लागते. मनातल्या मनात फुगणाऱ्यांची त्यानं दाणादाण केली, म्हणते. सत्ता गाजवणाऱ्यांना आसनावरून खाली ओढलं, खालच्यांना वर उचललं. भुकेल्यांना पोटभर दिलं, आणि भरल्या घरच्यांना रिकाम्या हातानं लावून दिलं.

मावशीला हे गाणं आईनं शिकवलं तेव्हा एकच गोष्ट सांगितली होती. "हे ज्याच्याकडे काही नाही त्याचं गाणं आहे. म्हणजे आपलं." मावशीनं ते जन्मभर मानलं. मानायला कारणंही भरपूर होती. नवरा तरणाताठा असताना छातीच्या दुखण्यानं गेला. एक लेक पदरात. एका खोलीत संसार, मोरीच्या कडेला चूल, आणि दोन्ही हातांची कातडी सोड्यानं अशी झालेली, की लेकीची वेणी घालताना केस बोटांत अडकायचे. "आई, तुझे हात म्हणजे खरखरीत फणी आहेत," लेक म्हणायची. मावशीचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता. पण पक्का होता. सुरात चुकेल, वेळेत चुकणार नाही. म्हणून तर घड्याळमावशी. तिच्या भट्टीतून गेलेली एक चादर कधी मळकी म्हणून परत आली नाही, याचा तिला ताठा होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

मग मालकानं दुसऱ्या एका इस्पितळाचंही काम घेतलं. गाठोडी दुप्पट झाली, भट्ट्या होत्या तेवढ्याच राहिल्या. एक दिवस मॅनेजर नाकाला रुमाल लावून भट्टीखान्याच्या दारात उभा राहिला.

"मावशी, तुमचं गाणं फार लांबतं हो."

"गाणं आहे तेवढंच आहे, साहेब. चादरी लांबल्यात."

"मग जरा भरभर म्हणा की."

भरभर म्हणून पाहिलं. बायकांना धाप लागली, दांडे एकमेकांवर आपटायला लागले, आणि देवाची स्तुती कसली, बाजारात भाजीचा भाव ओरडतोय असं वाटायला लागलं. दोन भट्ट्यांतच सगळ्या बसल्या खाली. मॅनेजर पुन्हा आला. आता त्याचा आवाज मऊ होता. मऊ आवाजाच्या साहेबापासून चार हात लांब राहावं, पण हे शहाणपण नेहमी नंतर सुचतं.

"असं करा," तो म्हणाला, "निम्मं म्हणा. पहिला भाग छानच आहे. ते पुढचं आसन बिसन कशाला? इथं कोण राजा बसलाय?"

मावशी हसली. खरंच हसली. तिला ते पटलं. भट्टीखान्यात कोण राजा? सगळ्या ओल्या पदराच्या बायका. आणि हसता हसता तिच्या डोक्यात दुसरंही चालू होतं. लेकही याच भट्टीखान्यात कामाला, आणि तिला दिवस गेले होते. जावई बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने घरी नाही. लेक वाढत्या पोटानं रोज भट्टीपुढे उभी राहायची, वाफेनं तिला चक्कर यायची, आणि मागच्या आठवड्यात ती दांड्यासकट भट्टीत जाता जाता वाचली होती.

"साहेब, माझ्या लेकीला घडीच्या खोलीत बसवाल का? कोरडं काम आहे, बसून नुसत्या घड्या घालायच्या. बाळंतपणापर्यंत तरी."

"त्यात काय मोठं? उद्यापासून बसवा. आणि मुकादमाची जागा रिकामीच आहे. ती तुम्ही घ्या."

सौदा झाला म्हणून कोणी म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी लेक घडीच्या खोलीत स्टुलावर बसली, मावशीच्या कमरेला किल्ल्या आल्या, आणि मरियेचं गाणं देवाच्या दयेपाशी थांबून तोटी उघडली. पाणी गेलं, वाफ उठली, चादरी पांढऱ्याच निघाल्या. डोळ्यांना फरक दिसला नाही. बायका खूश होत्या, हात लवकर सुटत होते.

फक्त बहिरी आजी थांबेना.

आजी भट्टीखान्यातली सगळ्यात जुनी. तिला भांड्यांचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे. ती गाणं म्हणायची ते बाकीच्यांच्या दांड्यांकडे बघून, आणि एकदा सुरू झाली की आपल्या लयीत डोळे मिटून शेवटपर्यंत जायची. सगळ्या थांबल्या हे तिला कळतच नव्हतं. तोटी उघडायची, पांढरी वाफ खोलीभर पसरायची, समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं, आणि त्या वाफेतून आजीचा फाटका आवाज एकटाच पुढे जायचा. आसनावरून खाली ओढलं... आसनावरून खाली ओढलं...

पहिल्या दिवशी बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. दुसऱ्या दिवशीही हसल्या. नंतर नंतर हसणं थांबलं. वाफेत तो आवाज कुठून येतोय ते कळायचं नाही, भिंतीतून आल्यासारखा वाटायचा. एका तरुण पोरीनं तर सांगूनच टाकलं, "मावशी, त्यांना गप्प करा हो. अंगावर काटा येतो."

मावशीनं आजीच्या दंडाला धरून तिला मागच्या पत्र्याखाली नेलं. तिथं इस्पितळातून आलेली मळकी गाठोडी सोडून कपडे वेगळे करायचे असत. ते काम कोणालाच नको असायचं. आजीनं तिच्या ओठांकडे पाहत विचारलं, "मी चुकले का गं कुठं?"

"नाही आजी. वय झालं तुमचं. इथं बसून काम आहे."

आजीला ते खरं वाटलं. तिनं मावशीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भलं होवो म्हणाली. मावशीला ते फार लागलं. पण लागलं तरी माणूस कामाला लागतोच, आणि मुकादमाला तर काम फार.

काही दिवसांनी इस्त्रीवाली कुरकुरायला लागली. "मावशी, चादरीवर गरम इस्त्री ठेवली की वास मारतो. आंबूस."

"सोडा बदललाय साहेबांनी."

सोडा बदलला नव्हता. हे दोघींनाही माहीत होतं. इस्त्रीवालीनं नाकाला फडकं बांधलं आणि पुढची चादर ओढली.

मग बाळंतिणींच्या वॉर्डातली आया गाठोडी पोहोचवायला आली ती दारातच टेकली. "आमच्याकडे काहीतरी शिरलंय बघा. खिडकीजवळची बाळंतीण तापानं गेली. दोन दिवसांत. चांगली हसतखेळत होती, बाळाला पाजत होती."

"खिडकीतून वारा येत असेल," मावशी म्हणाली.

खिडकी बंद केली. पुढच्या खेपेला आया सांगत आली, की आता दाराजवळची गेली. मग म्हणे ती खाटच वाईट. खाट बदलली. मग म्हणे पिण्याचं पाणी. पाणी उकळलं. पाणी उकळलं, हे आया सांगत होती तेव्हा मावशीनं कमरेच्या किल्ल्या घट्ट धरल्या. तिला कळलं होतं. आता कोणी म्हणेल, कळलं होतं तर बोलली का नाही? असं विचारणाऱ्याला कधी कमरेला किल्ल्या मिळाल्या नसतील. तिनं घडीच्या खोलीच्या दारातून आत पाहिलं. लेक कोरड्या उजेडात बसून चादरींच्या घड्या घालत होती, पोटावर ठेवून, कडेला कड लावून. मावशीनं तोंड मिटलं ते मिटलंच.

त्या रविवारी फादरनी नेमकं मरियेच्या गाण्यावरच प्रवचन दिलं. म्हातारे फादर, हळू बोलायचे, मागच्या बाकांवर निम्मी माणसं डुलत असायची. ते म्हणाले, "आपण हे गाणं पाळणा म्हणावा तसं म्हणतो. पण हे दुधारी आहे. मरिया देवाची स्तुती करते म्हणजे काय करते? देव कोणाच्या बाजूला उभा आहे ते सांगते. म्हणून गाणाऱ्यानं आधी बघावं, आपण कुठं बसलोय. खाली असू तर हा आशीर्वाद आहे. वर असू तर ही ताकीद आहे. आणि माणसाला आपण खाली आहोत असंच नेहमी वाटतं. माझ्या वरही बिशप आहेतच की!"

पुढच्या बाकावर मालक कुटुंबासह बसला होता. मावशीनं त्याच्या मानेकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, ऐक बाबा, तुझ्यासाठीच आहे. मग ती सुइणीला काय द्यायचं त्याचा विचार करायला लागली. लेकीला इस्पितळात पाठवायचं नाही, घरीच बाळंतपण करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. लेकीला कारण सांगितलं नव्हतं.

पण आपण ठरवतो एक आणि होतं भलतंच. सुइणीनं लेकीच्या पोटावर हात ठेवला, इकडून दाबलं, तिकडून दाबलं, आणि तिचा चेहरा उतरला. "मूल आडवं आहे. माझ्या हातात नाही हे. न्या इस्पितळात, आत्ता न्या."

"दुसरा काही उपाय?"

"दुसरा उपाय म्हणजे दोघं जातील."

नेलं. सकाळी नेलं, दुपारच्या आत डॉक्टरांनी मूल फिरवून सोडवलं. मुलगी झाली. लेक कागदासारखी पांढरी, पण शुद्धीवर. मावशी खाटेशी आली आणि पहिल्यांदा नात बघायच्या ऐवजी तिनं चादरीचं टोक उचललं. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा टाका. तिच्याच भट्टीचा. तिनं टोक नाकाशी नेलं. आंबूस.

"आई, काय वास घेतेयस? बाळ बघ ना."

मावशीनं बाळ पाहिलं, लेकीच्या कपाळाला हात लावला, आणि "आलेच" म्हणून जवळजवळ पळत घरी गेली. घरात स्वतःची अशी एकच चांगली चादर होती, लेकीच्या लग्नातली. चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, सोडा टाकला, चादर बुडवली. पाणी खळखळलं. तिनं गाणं धरलं. पहिला भाग झाला, देवाच्या दयेपाशी आली, आणि पुढची ओळ येईना.

लहानपणापासून म्हटलेलं गाणं. तोंड उघडं, समोर पाणी उकळतंय, आणि ओळ येत नाही. मग ओळ आली, पण तिच्या आवाजात नाही आली. वाफेतून यायची तशी आली, फाटक्या आवाजात. मनातल्या मनात फुगणाऱ्यांची. आसनावरून खाली. भरल्या घरच्यांना रिकाम्या हातानं. मावशी ती म्हणत गेली आणि प्रत्येक ओळीला तिला वाटत गेलं, हे माझ्याबद्दल आहे. मालकाच्या मानेकडे कशाला बघत होते मी? किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. आजीला मी बाहेर काढलं. एवढीशी काय ती मुकादमकी, पण तीही एक आसनच होती, आणि ती टिकवायला कुणाकुणाच्या लेकी गेल्या. ती मोठ्यानं रडली. पण गाणं मधे थांबवलं नाही, कारण थांबवलं तर चादर कच्ची राहिली असती.

चादर पिळून, इस्त्रीनं वाळवून ती संध्याकाळी वॉर्डात गेली. लेकीला कुशीवर करून खालची चादर काढली, आपली घातली. शेजारच्या खाटेवर एक पोरसवदा बाळंतीण होती, आदल्या दिवशीच मुलगा झालेला. नवरा गोदीवर हमाल. बोलघेवडी होती, कोणाशीही सूत जमवणारी. ती हे सगळं बघत होती.

"मावशी, मला पण आणा की अशी एक. लेकीचे लाड आई करणार, शेजारणीचे कोण करणार?"

"आणते हो. उद्या आणते."

"बघा हं, मी वाट बघेन. माझी आई नाही, नाहीतर तिला सांगितलं असतं."

मावशी दारापर्यंत गेली. दाराशी मोठ्या सिस्टरांचं टेबल होतं. सिस्टर मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. चादरी निम्म्याच उकळलेल्या आहेत, सगळ्या काढा. बस, एवढंच. मावशी टेबलापाशी थांबली. सिस्टरांनी वर पाहिलं. "काय हवंय?"

भट्टीखान्यातल्या सगळ्या बायका तिच्या डोळ्यांपुढे आल्या. काम गेलं तर सगळ्यांचं जाईल. आपलं तर जाईलच, आणि लेकीची कोरडी जागाही. "काही नाही, सिस्टर," ती म्हणाली, "लेकीकडे लक्ष असू द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं घराशेजारच्या बाईकडून मागून आणलेली एक चादर उकळली, पुरं गाणं म्हणून उकळली, आणि वेळ मिळताच घेऊन गेली. शेजारच्या खाटेवरच्या पोरीचे दात वाजत होते. अंगावर दोन घोंगड्या होत्या तरी वाजत होते. तिनं मावशीला ओळखलं आणि हसायचा प्रयत्न केला. "आणलीत? मला वाटलं विसरलात."

तेव्हा मावशी सिस्टरांच्या टेबलापाशी गेली आणि बोलली. हळू नाही बोलली. सबंध वॉर्डाला ऐकू गेलं. गाणं काय, भट्टी काय, निम्म्यावर कोणी थांबवलं आणि कशाच्या बदल्यात. "साहेबांनी सुचवलं. पण हो मी म्हटलं. तोटी मी उघडत होते."

सिस्टर उठल्या आणि एकेक खाट मोकळी करायला लागल्या. बाळंतिणींना गाद्यांवरच्या मेणकापडावर निजवलं, चादरींचा ढीग अंगणात गेला. त्या ढिगाकडे बघत आया पायरीवर बसली आणि कपाळावर हात मारत म्हणाली, "आणि आम्ही खिडक्या बंद करत बसलो!" लेकीनं सगळं ऐकलं होतं. ती आईकडे बघत नव्हती. तिनं बाळाला जवळ ओढलं आणि आईनं लग्नातल्या ज्या चादरीवर तिला निजवलं होतं, तिच्यावर हात ठेवून पडून राहिली.

पुढचं लवकर झालं. मालकाला इस्पितळाचं बोलावणं आलं, मॅनेजर म्हणाला की आपल्याला काही माहीत नव्हतं, मुकादम बाईनंच आपल्या मनानं केलं. मावशीच्या किल्ल्या गेल्या, कामही गेलं. बाकीच्या बायकांचं राहिलं. भिंतीवरच्या खिळ्याला काचेच्या बंद पेटीतलं घड्याळ आलं, आणि ते म्हणे चालतं. बहिरी आजी पत्र्याखालीच राहिली. तिला परत आत घ्या म्हणून सांगायला मावशी गेली होती, पण आता तिचं ऐकतो कोण?

शेजारच्या खाटेवरची ती पोर तिसऱ्या दिवशी तापानं गेली. लेकीला काही झालं नाही. ताप नाही, कणकण नाही. त्या पोरीचा मुलगा भुकेनं टाचा घासत होता, तेव्हा लेकीनंच आयाला सांगितलं, "आणा त्याला इकडे." मग दोन्ही बाजूंना दोन पोरं. सिस्टर म्हणाल्या, दूध पुरणार नाही. पुरलं.

लेक घरी आली तेव्हा मुलगाही आला. त्याचा बाप सकाळी त्याला सोडून गोदीवर जायचा आणि काम सुटल्यावर घेऊन जायचा. लेक आईशी बोलायची, पण कामापुरतं. पाणी दे. लंगोट दे. मावशीनं नातीला उचलायला हात पुढे केले की ती म्हणायची, "राहू दे, झोपलीय." मुलगा रडला तर मात्र आपणहून आईच्या मांडीवर द्यायची. "याला घे. याला कोणी नाही." मावशी त्याला घेऊन मोरीपाशी बसायची. तो तिच्या खरखरीत बोटाला धरायचा आणि सोडायचा नाही.

एका संध्याकाळी तो हमाल मुलाला न्यायला आला तो लगेच निघेना. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. शिकला नव्हता, बोलायची सवय नव्हती. दारातच उभा राहून म्हणाला, "मावशी, एक बोलायचं होतं. गोदीवर सगळे विचारतात, पोर कसं जगलं. मी सांगतो, देवानं एक माणूस पाठवलं. ही शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होती. चादर आणली म्हणाली माझ्यासाठी. सख्खी आई करणार नाही एवढं केलंत तुम्ही. मी गरीब माणूस, मी काय देणार? पण रोज प्रार्थनेत आधी देवाची स्तुती करतो आणि लगेच तुमचं नाव घेतो."

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी तो गोदीवर होता, वॉर्डात नव्हता, आणि नंतर दुःखी माणसाला असलं काही सांगायला कोण जातं? तो जे मनापासून देत होता ते घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. लेक आतल्या पडद्याशी येऊन उभी होती. आई आता काय करते ते तिला बघायचं होतं.

मावशी खुर्चीवर बसली होती ती उठली. घरात तेवढी एकच खुर्ची. "बस बाबा," ती म्हणाली.

"छे छे, तुम्ही बसा. मी कामाचे कपडे घालून... नाही, धुतलेत खरं तर. पण असू दे."

"बस. मला उभ्यानं सांगायचंय."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. मावशीनं त्याला सगळं सांगितलं, भिंतीवरच्या खिळ्यापासून. गाणं कसं असतं, कुठपर्यंत म्हणायचं असतं, तिनं कुठं तोडलं. लेकीची कोरडी जागा. आजी. आंबूस वास. आणि सगळ्यात शेवटी ते, जे तिनं सिस्टरांनाही सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी सिस्टरांच्या टेबलापाशी उभी होते, आणि 'काही नाही' म्हणाले. "तेव्हा बोलले असते तर तुझी बायको कदाचित..." ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

तो आपल्या हातांकडे बघत बसला. मोठे हात, पोती उचलून तळव्यांना घट्टे पडलेले. आता हा उठेल, आपल्याला मारेल, असं मावशीला वाटलं, आणि मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादा माणूस वाट विचारतो तसं त्यानं विचारलं, "ते राहिलेलं गाणं म्हणायला किती वेळ लागला असता?"

मावशीनं ओठ ओले केले. "चहा ठेवून, गाळून, पिऊन होतो तेवढा."

पडद्यामागं पोर रडायला लागलं. दोघांतलं कोणतं, ते मावशीला आवाजावरून ओळखता आलं नाही.